वेल्डच्या फिल्म सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायच्या असतील तर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये हल्ली एक ठरलेला क्रम दिसतो. आधी सॉफ्टवेअरचा डेमो होतो. मग ग्राफिक कार्डवाला कॉम्प्युटर येतो. मग कपाटातल्या जुन्या रेडिओग्राफी फिल्म (वेल्डमधून एक्स-रे किंवा गॅमा किरण सोडून घेतलेल्या) ऑफिसच्या स्कॅनरवर टाकून 'ट्रेनिंग' सुरू होतं. डेमोत सगळं पकडणारं सॉफ्टवेअर आपल्या फिल्मवर मात्र वेल्डच्या कडेकडेने लाल चौकोन काढत सुटतं आणि समोरचा लॅक ऑफ फ्यूजन (धातू नीट न जुळल्याचा दोष) सोडून देतं. मग ते कायमचं बंद होतं.

अशा बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर ठीकच असतं, फक्त ते फार लवकर आणलेलं असतं. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. उदाहरण फिल्म रेडिओग्राफीचं आहे, कारण आपल्याकडचं बरंचसं काम अजून फिल्मवरच होतं. डिजिटल डिटेक्टर वापरणाऱ्यांना टप्पा २ आणि ३ मधला थोडाच भाग लागेल, बाकी सगळं जसंच्या तसं.

## टप्पा १: एकच काम निवडा

"आमच्या सगळ्या फिल्म वाचायच्या आहेत" या मागणीवर सॉफ्टवेअर बांधता येत नाही. मटेरियल, जाडीची रेंज, जॉइंटचा प्रकार, सोर्स (किरण कशातून येतात ते), फिल्मचा ब्रँड आणि क्लास, शॉट घेण्याची पद्धत या सहा गोष्टी एका कागदावर लिहा. उदाहरणार्थ: कार्बन स्टील प्लेट, ८ ते १६ मिमी, बट जॉइंट, इरिडियम-१९२, एकाच भिंतीतून एकच प्रतिमा. या कागदाबाहेरची फिल्म सॉफ्टवेअरपुढे ठेवायची नाही.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांतल्या बॉयलर ट्यूबची कामं असतील तर मोह होतो, कारण फिल्मची संख्या तिथेच जास्त. पण ट्यूबच्या शॉटमध्ये दोन भिंती एकाच फिल्मवर लंबवर्तुळात येतात. सोर्सकडच्या भिंतीतला दोष फिल्मकडच्यापेक्षा थोडा मोठा दिसतो. मोजमापाची भानगड तिथे दुप्पट होते. सुरुवात प्लेटच्या सरळ सीमपासून करा, ट्यूब नंतर.

तपासा: याच टप्प्यावर लेव्हल थ्री (तपासणीतला सर्वांत वरच्या पात्रतेचा माणूस) आणि ग्राहकाच्या निरीक्षकाला विचारून घ्या की सॉफ्टवेअर नेमकं काय करणार. मदतनीस म्हणून खुणा करणार की फिल्म पास-नापास करणार? दुसऱ्या उत्तराला आज जवळपास कोणीच सही देणार नाही, आणि ते योग्यच आहे.

## टप्पा २: फिल्म मुळात वाचण्याजोगी आहे का?

जी फिल्म लेव्हल टूने (रोज फिल्म वाचणाऱ्या पात्र तपासनिसाने) नियमाप्रमाणे परत पाठवायला हवी होती, ती ट्रेनिंगमध्ये गेली तर पुढचं सगळं नासतं. एएसएमई (अमेरिकन बॉयलर-प्रेशर व्हेसल कोड) सेक्शन ५ प्रमाणे एकेरी फिल्म बघताना डेन्सिटी (फिल्मचा काळेपणा) एक्स-रेला किमान १.८, गॅमाला किमान २.०, आणि दोन्हींना कमाल ४.०. पेनेट्रामीटरजवळच्या (फिल्मचा दर्जा दाखवणाऱ्या वायर किंवा पट्टीजवळच्या) डेन्सिटीपेक्षा वेल्डमधली डेन्सिटी १५ टक्क्यांहून कमी किंवा ३० टक्क्यांहून जास्त नको. प्रत्येक फिल्म डेन्सिटोमीटरने मोजा. डोळ्याने 'ठीक वाटतेय' हे इथे चालत नाही, कारण सॉफ्टवेअरला डोळा नाही, आकडे आहेत.

नागपुरात एक जास्तीची अडचण आहे: डार्करूम. हाताने डेव्हलप करताना डेव्हलपर साधारण २० अंशांवर धरलेला असतो. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणीच त्याहून कितीतरी गरम असतं. टाकीत बर्फाच्या पिशव्या सोडून काम भागवणाऱ्या डार्करूम आहेत. डेव्हलपर तापला आणि वेळ तीच ठेवली की फिल्मवर फॉग वाढतो, दाणा जाडसर दिसतो. माणूस त्यातून वाट काढतो. सॉफ्टवेअर त्याच दाण्याला बारीक पोरॉसिटी (वेल्डमधली हवेची छिद्रं) समजतं. फक्त डिसेंबर-जानेवारीच्या फिल्मवर शिकवलेलं सॉफ्टवेअर एप्रिलनंतर फॉल्स कॉलचा (नसलेल्या दोषांच्या खुणांचा) पाऊस पाडतं, त्याचं कारण हेच. म्हणून ट्रेनिंगच्या गठ्ठ्यात तिन्ही ऋतूंच्या फिल्म हव्यात आणि प्रत्येक फिल्मसोबत डेव्हलपरचं तापमान व वेळ नोंदलेली हवी. डार्करूमच्या वहीत हे लिहिलं जात नसेल तर आजपासून लिहायला लावा.

कोरड्या उन्हाळ्यात फिल्म झटकन ओढली की स्थिर विजेच्या खुणा उमटतात, झाडाच्या फांद्यांसारख्या काळ्या रेघा. त्यात पाण्याचे डाग, नखाच्या खुणा, रोलरचे ओरखडे. ही खोटी चिन्हं गठ्ठ्यातून काढून टाकू नका. उलट 'फिल्मवरचा डाग' असा वेगळा वर्ग करून ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर त्यांना दोष म्हणणार नाही. ओळखायची रीत जुनीच: फिल्म तिरपी धरून परावर्तित उजेडात दोन्ही बाजू बघा.

सावधान: जो क्रॅक किरणांच्या दिशेला तिरका आहे, तो फिल्मवर अनेकदा उमटतच नाही. फिल्मवर नसलेलं कोणतंही सॉफ्टवेअर शोधू शकत नाही. जिथे प्रोसिजरने अल्ट्रासॉनिक सांगितलं आहे, तिथे ते करावंच लागेल.

## टप्पा ३: स्कॅनिंग

सगळ्यात जास्त प्रकल्प इथे बुडतात. डेन्सिटी ३ म्हणजे फिल्मवर पडलेल्या उजेडापैकी एक हजारावा भाग पलीकडे येतो. डेन्सिटी ४ म्हणजे दहा हजारावा. ऑफिसचा साधा स्कॅनर उजेड परावर्तित करून कागद वाचतो, फिल्मसाठी तो निरुपयोगी. ट्रान्सपरन्सीचं झाकण असलेला स्कॅनर आणला, पण ८ बिटवर ठेवला, तर हिशोब करून बघा: २५६ पायऱ्यांपैकी एक हजारावा भाग म्हणजे जेमतेम पाव पायरी. वेल्डच्या गडद भागातलं सगळं शून्यात जमा झालं. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात, तरी सरळ प्रमाणात वाचलं तर डेन्सिटी ३ ला सुमारे ६५ आणि डेन्सिटी ४ ला जेमतेम ६ ते ७ पायऱ्या उरतात. रेडिओग्राफीसाठी बनवलेले डिजिटायझर म्हणूनच डेन्सिटीच्या प्रमाणात आकडे देतात. त्यांची पात्रता तपासण्याचा मानक आयएसओ १४०९६ आहे, त्यात डीएस, डीबी, डीए असे वर्ग आहेत. विकत घेण्याऐवजी बाहेरून स्कॅन करून घेणार असाल तर कोणत्या वर्गाचं यंत्र आहे हे लेखी घ्या.

क्रम असा ठेवा:

1. डिजिटायझर सुरू करून तापू द्या. यूपीएसवरच चालवा, व्होल्टेज हलताना केलेलं स्कॅन वापरू नका.
2. प्रमाणित डेन्सिटी स्टेप स्ट्रिप (माहीत असलेल्या डेन्सिटीच्या पायऱ्यांची पट्टी) स्कॅन करा. प्रत्येक पायरीचा आकडा नोंदवा, आदल्या दिवसाशी जुळवा.
3. फिल्म मऊ कापडाने पुसा. बुटीबोरी रोडवरची धूळ उजेड अडवते आणि स्कॅनमध्ये काळे ठिपके होऊन बसते, आणि पोरॉसिटीही फिल्मवर तशीच काळी दिसते.
4. पिक्सेल ५० मायक्रॉन (म्हणजे ५०८ डीपीआय), १६ बिट, ग्रे. 'ऑटो कॉन्ट्रास्ट', 'शार्पन', 'डस्ट रिमूव्हल' सगळं बंद.
5. फाइल टिफ किंवा डायकोंडेमध्ये (औद्योगिक तपासणीच्या प्रतिमांचा फाइल प्रकार) ठेवा. जेपेगमध्ये कधीही नाही.
6. फाइलच्या नावात जॉब, जॉइंट, फिल्मचा भाग आणि रिपेअर क्रमांक. 'स्कॅन००१' नको.

सुमारे १०० बाय ४०० मिमीची फिल्म ५० मायक्रॉनवर २,००० बाय ८,००० पिक्सेल होते, म्हणजे ३२ एमबी. हार्ड डिस्क त्या हिशोबाने घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फिल्म ही फिल्म नव्हे.

तपासा: व्ह्यूअरवर पेनेट्रामीटरची जी आवश्यक वायर दिसते ती स्क्रीनवरही दिसली पाहिजे. दिसत नसेल तर स्कॅन रद्द. मग लेड मार्करमधलं माहीत असलेलं अंतर स्क्रीनवर मोजा. ते जुळत नसेल तर पिक्सेलचं माप चुकलं आहे, आणि पुढे प्रत्येक दोषाची लांबी चुकेल.

सावधान: फिल्मवर पोरॉसिटी काळी दिसते. डिजिटल डिटेक्टरच्या कच्च्या प्रतिमेत जास्त किरण म्हणजे मोठा आकडा, म्हणून तीच पोरॉसिटी उजळ. दोन्ही प्रकार एकाच फोल्डरमध्ये न उलटवता मिसळलेत तर सॉफ्टवेअर पोरॉसिटी आणि टंगस्टन (वेल्डमध्ये अडकलेला, फिल्मवर उजळ दिसणारा धातूचा कण) यांची अदलाबदल शिकेल.

## टप्पा ४: दोषांवर खुणा करणं

कंटाळवाणं काम आहे, म्हणून ते नव्या ट्रेनीकडे ढकललं जातं. तसं करू नका. खुणा लेव्हल टूनेच कराव्यात, सीव्हॅटसारखं मोफत साधन त्याला तासाभरात जमतं.

सगळ्यात घातक शॉर्टकट म्हणजे जुन्या रिपोर्टवरून खुणा करणं. रिपोर्टमध्ये फक्त रिजेक्ट झालेलं लिहिलेलं असतं. मर्यादेत बसलेली पोरॉसिटी, छोटासा स्लॅग (वेल्डमध्ये अडकलेली मळी), हे कोणी लिहीत नाही. आता रिपोर्टला सत्य मानलं, तर १ मिमीची पोरॉसिटी एका फिल्मवर 'दोष' आणि दुसऱ्या फिल्मवर 'स्वच्छ' ठरते. सॉफ्टवेअर यातून काय शिकणार? फिल्मवर दिसणारं प्रत्येक चिन्ह खुणेत आलं पाहिजे, मग ते पास असो वा नापास.

चौकोन काढू नका, कड धरून आकार भरा. तिरक्या लॅक ऑफ फ्यूजनभोवतीच्या चौकोनात निम्म्याहून जास्त चांगलं वेल्ड येतं आणि रुंदी मोजायची सोयच राहत नाही. वर्ग मोजके ठेवा: क्रॅक, लॅक ऑफ फ्यूजन, लॅक ऑफ पेनेट्रेशन (वेल्ड मुळापर्यंत न पोचणं), पोरॉसिटी, स्लॅग, टंगस्टन, अंडरकट (वेल्डच्या कडेची खाच), फिल्मवरचा डाग. आयएसओ ६५२० (वेल्ड दोषांच्या वर्गीकरणाचा मानक) चे क्रमांक सोबत लावले तर पुढे भाषेवरून वाद होत नाहीत.

किमान काही फिल्म दोन लेव्हल टूंकडून स्वतंत्रपणे करून घ्या, एकमेकांच्या खुणा न दाखवता. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे लेव्हल थ्री निर्णय देईल. या मतभेदांची यादी जपून ठेवा. दोन अनुभवी माणसं जिथे भांडतात तिथे सॉफ्टवेअरकडून खात्रीची अपेक्षा करणं फुकट आहे.

## टप्पा ५: गठ्ठ्याची विभागणी, जॉइंटप्रमाणे

फिल्मचे छोटे तुकडे करून, ते पिसून, त्यातले वीस टक्के परीक्षेला बाजूला काढायचे ही सवय इंटरनेटवरच्या धड्यांतून येते. इथे ती फसवते. एकाच जॉइंटचा शेजारचा तुकडा ट्रेनिंगमध्ये आणि हा परीक्षेत गेला, की सॉफ्टवेअर ९८ टक्के दाखवतं आणि नवीन जॉबवर आपटतं. दोन फिल्म एकत्र घातलेल्या शॉटची जोडी, मूळ फिल्म आणि रिपेअरनंतरची फिल्म, या सगळ्या एकाच बाजूला जायला हव्यात. शक्य असेल तर परीक्षेच्या गठ्ठ्यात एखादा पूर्ण वेगळा जॉब ठेवा, वेगळ्या वेल्डरचा आणि वेगळ्या महिन्याचा.

परीक्षेचा गठ्ठा आत्ताच वेगळ्या डिस्कवर टाकून लेव्हल थ्रीच्या कपाटात बंद करा.

सावधान: जीडीएक्सरे नावाचा सार्वजनिक संग्रह आहे, १९,००० हून अधिक एक्स-रे प्रतिमांचा, त्यात वेल्डही आहेत. सरावाला उत्तम. पण तो शिक्षण आणि संशोधनापुरता आहे, धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचा नाही. तसंच ग्राहकाच्या फिल्म बाहेरच्या क्लाउडवर चढवण्याआधी करार वाचा, विशेषतः काम संरक्षण किंवा वीजनिर्मितीचं असेल तर.

## टप्पा ६: आधी साधी पद्धत, मग शिकणारं मॉडेल

पहिले काही दिवस मोफत इमेजजे (प्रतिमा तपासायचं सॉफ्टवेअर) वापरा. बॅकग्राउंड वजा करा, मीडियन फिल्टर लावा, थ्रेशोल्ड (कुठून पुढे दोष धरायचा ती मर्यादा) ठेवा, उरलेल्या ठिपक्यांची लांबी-रुंदी काढा. गोल पोरॉसिटी यातूनच बऱ्यापैकी सापडते. लॅक ऑफ फ्यूजन आणि क्रॅक सापडत नाहीत, आणि का सापडत नाहीत हे डोळ्यांनी दिसतं: वेल्डच्या कडेचा स्वतःचा उतारच दोषापेक्षा ठळक असतो. हे पाहिलेल्या माणसाला पुढे मॉडेलवाला विक्रेता सहजासहजी गुंडाळू शकत नाही.

शिकणारं मॉडेल लावताना दोन चुका वारंवार होतात.

पहिली आकाराची. योलो जातीची (प्रतिमेत वस्तू शोधणारी) मॉडेल्स मुळात प्रतिमा ६४० पिक्सेलवर आणतात. आपली ८,००० पिक्सेलची फिल्म तिथे साडेबारा पट आखडते. अर्ध्या मिलिमीटरची पोरॉसिटी, जी मूळ स्कॅनमध्ये १० पिक्सेलची होती, ती एका पिक्सेलपेक्षाही लहान होते. म्हणून फिल्म मूळ मापात ठेवून ५१२ किंवा १,०२४ पिक्सेलचे तुकडे करा, एकमेकांवर थोडे चढवून. आणि मोजमापाआधी तुकडे परत जोडा. ४० मिमीचा लॅक ऑफ पेनेट्रेशन ८०० पिक्सेलचा असतो. तो दोन तुकड्यांत कापला गेला तर रिपोर्टमध्ये दोन छोटे दोष दिसतील.

दुसरी चूक, नमुने वाढवण्याची. फिल्म आडवी उलटवणं चालेल. वेल्ड ९० अंशात फिरवणं कशाला, तुमच्या फिल्मवर तसं वेल्ड कधी येतच नाही. मोठं-लहान करणं टाळा, कारण मापच बदलतं. क्रॅकचे नमुने नेहमी कमी पडतात. कृत्रिम क्रॅक टाकायचे तर फक्त ट्रेनिंगमध्ये. परीक्षेत खरेच हवेत.

मॉडेलचा परवानाही बघा. योलोच्या प्रचलित आवृत्त्यांपैकी व्ही५ आणि व्ही८ एजीपीएल (बांधलेल्या सॉफ्टवेअरचा कोडही खुला करायला लावणाऱ्या) परवान्याखाली आहेत. त्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर ग्राहकाला देणार असाल तर वकिलाला विचारा, कॉलेजातल्या पोराला नाही.

## टप्पा ७: शोधणं वेगळं, निकाल वेगळा

मॉडेलला 'अ‍ॅक्सेप्ट-रिजेक्ट' शिकवू नका. त्याने दोष शोधावा, प्रकार आणि माप सांगावं. निकाल वेगळ्या नियमांच्या तक्त्यातून यावा, जो लेव्हल थ्री वाचू शकेल आणि तपासणीचा कोड (नियमावली) बदलला की बदलू शकेल.

एएसएमई सेक्शन ८ विभाग १ च्या यूडब्ल्यू-५१ या कलमाचं उदाहरण घ्या. क्रॅक, अपुरं फ्यूजन किंवा पेनेट्रेशन कितीही लहान असलं तरी नापास. इतर लांबट चिन्हं: जाडी १९ मिमीपर्यंत ६ मिमीहून लांब असतील तर नापास, १९ ते ५७ मिमी जाडीला मर्यादा जाडीच्या एक तृतीयांश, त्यावर १९ मिमी. लांबी रुंदीच्या तिपटीपर्यंत असेल तर चिन्ह गोल धरायचं, त्याला वेगळं परिशिष्ट. इथवर सगळे बरोबर लिहितात.

सुटतो तो पुढचा नियम: एका रेषेत आलेली चिन्हं. बारा पट जाडीच्या अंतरात त्यांची एकूण लांबी जाडीपेक्षा जास्त झाली तर नापास, अपवाद फक्त सलग दोन चिन्हांमधलं अंतर सर्वांत लांब चिन्हाच्या सहा पटींहून जास्त असेल तर. १२ मिमी प्लेटला हे अंतर १४४ मिमी होतं, आणि ते फिल्मच्या टोकाला येऊन पुढच्या फिल्मवर जाऊ शकतं. एकेक फिल्म सुटी तपासणारं सॉफ्टवेअर ही रांग पकडणार नाही. उलट दोन फिल्मच्या सामाईक पट्ट्यातलं एकच चिन्ह दोनदा मोजेल. लोकेशन मार्कर वाचून फिल्म सीमवर ओळीने बसवा, मगच नियम चालवा.

जाडी म्हणजे वेल्डचा उंचवटा सोडून. दोन वेगळ्या जाडीच्या प्लेट असतील तर पातळ प्लेटची. तक्त्यातले आकडे भरताना हा लेख समोर ठेवू नका, करारात लिहिलेली कोडची आवृत्ती ठेवा.

## टप्पा ८: बंद कपाटातली परीक्षा

आता तो बाजूला ठेवलेला गठ्ठा काढा. टक्केवारीत 'अचूकता' मागू नका. बहुतेक वेल्ड चांगलं असतं, त्यामुळे काहीच न शोधणारं सॉफ्टवेअरही भरघोस टक्के मिळवतं. दोनच आकडे मागा, तेही दोषाच्या प्रकाराप्रमाणे वेगळे: किती खरे दोष सुटले, आणि फिल्ममागे किती फॉल्स कॉल आले.

किती दोष तपासायचे याचा जुना हिशोब आहे. एकाच प्रकारचे, साधारण एकाच मापाचे २९ दोष दाखवले आणि २९ च्या २९ सापडले, तर ९५ टक्के विश्वासाने म्हणता येतं की असा दोष सापडण्याची शक्यता किमान ९० टक्के आहे. एक सुटला तर ४६ पैकी ४५ लागतात. 'आम्ही पाच क्रॅक दाखवले, पाचही सापडले' याला फार अर्थ नाही.

तपासा: थ्रेशोल्ड हलवून दोष सुटणं शून्यावर आणता येतं, पण फॉल्स कॉल वाढतात. एका फिल्मवर दहा-वीस खोट्या खुणा आल्या की लेव्हल टू न बघता 'ओके' दाबायला लागतो. थ्रेशोल्ड ठरवताना तो माणूस शेजारी बसवा. आणि परीक्षेच्या गठ्ठ्यावर एकदा थ्रेशोल्ड बदललात तर तो गठ्ठा संपला, नवीन गठ्ठा हवा.

## टप्पा ९: शॉपमध्ये लावणं

सुरुवातीला लेव्हल टूने नेहमीप्रमाणे व्ह्यूअरवर फिल्म वाचून आपला निकाल आधी नोंदवायचा, सॉफ्टवेअरच्या खुणा नंतर उघडायच्या. आधी खुणा दाखवल्या की नजर त्याच चौकोनांवर फिरते, बाकी वेल्ड बघितलंच जात नाही. ही अट सॉफ्टवेअरमध्येच बसवा. 'सांगून ठेवू' यावर भागत नाही.

वेल्डर येऊन विचारणारच, "भाऊ, हा रिपेअर तुम्ही काढला की मशीननं?" उत्तर एकच असायला हवं: सही ज्याची, निकाल त्याचा. आयबीआरचं (भारतीय बॉयलर नियमांखालचं) काम असेल तर मूळ फिल्म आणि पात्र माणसाची सही निरीक्षकापुढे ठेवावीच लागते, स्क्रीनवरची रंगीत खूण नाही.

प्रत्येक निकालासोबत मॉडेलची आवृत्ती, थ्रेशोल्ड, नियमांच्या तक्त्याची आवृत्ती आणि त्या दिवसाचं स्टेप स्ट्रिपचं वाचन जपा. कच्चं स्कॅन कधीही बदलू नका, खुणा वेगळ्या फाइलमध्ये.

काही ठरावीक फिल्मचा एक छोटा संदर्भ-संच करा, त्यात प्रत्येक प्रकारचा दोष आणि दोन-तीन स्वच्छ फिल्म हव्यात. डिजिटायझरचा दिवा बदलला, फिल्मचा ब्रँड बदलला, इरिडियमऐवजी सेलेनियम-७५ आला, मॉडेल नव्याने शिकवलं, की आधी हा संच परत चालवा आणि मागच्या निकालाशी जुळवा. इरिडियमचा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवस. सोर्स जुना झाला की एक्सपोजर लांबतं आणि घाईत कमी डेन्सिटीच्या फिल्म यायला लागतात, तेव्हा सोर्स बदलायच्या आधीच्या आठवड्यांतही हा संच आणि सोबत त्या आठवड्यातल्या काही ताज्या फिल्म लेव्हल थ्रीकडून तपासून घ्या.